सोबतांक

किडन्या वाया का जातात, एवढा एकच प्रश्न डॉ. शहनाज मुजावर यांनी पद्मजा मगदूमला दिला होता.

सांगलीच्या वारणाई रुग्णालयात पाचव्या मजल्यावर ‘आरोग्यविदा विश्लेषण आणि व्यवस्थापन’ हा पदव्युत्तर अभ्यासक्रम चालायचा. नाव लांबलचक असल्यामुळे सगळे त्याला ‘हेल्थ डेटा’च म्हणायचे. पद्मजा जयसिंगपूरहून रोज जाऊन-येऊन तो शिकत होती. बी.एस्सी.ला तिचं संख्याशास्त्र होतं, आणि आकड्यांत तिचं डोकं चांगलं चालायचं. मुजावर मॅडम विभागाच्या प्रमुख. वीस वर्षं त्यांनी किडनी बसवण्याच्या शस्त्रक्रिया केल्या होत्या. संधिवातानं बोटं धरली तेव्हा त्यांनी सुरी खाली ठेवली आणि हा विभाग काढला.

शस्त्रक्रिया आता फारशी अवघड राहिली नव्हती. अवघड होतं ते त्यानंतरचं. परकी किडनी शरीरानं नाकारू नये म्हणून रोज ठरल्या वेळी गोळ्या घ्याव्या लागतात, त्याही आयुष्यभर. सारखं रक्त तपासावं लागतं. साधी कणकण आली तरी दवाखाना गाठावा लागतो. यात हयगय झाली की दोन-तीन वर्षांत किडनी बंद पडते. आणि ती ज्याला मिळाली असती तर तो जगला असता, असा दुसरा कुणीतरी तोवर वाट बघून गेलेला असतो.

पद्मजानं आधी रोग्यांची वयं, साखर, रक्तदाब, रक्तातले घटक असं सगळं यंत्राला शिकवलं. कुणाची किडनी टिकेल याचा अंदाज यंत्राला काही करता येईना. नाणं उडवून सांगितलं असतं तरी इतपत बरोबर आलं असतं.

वाट सापडली ती त्रिशलावहिनीमुळे. पद्मजाच्या सन्मतीदादाची ही बायको. लग्नाला सहा वर्षं झाली होती. दुसऱ्यांदा दिवस राहिले आणि पहिल्यासारखंच तेही पोटातच गेलं, तेव्हा तपासण्यांमध्ये कळलं की वहिनीच्या दोन्ही किडन्या संपत आल्या आहेत. तेव्हापासून आठवड्यातून तीनदा ती वारणाईतच डायलिसिसला यायची. वर्ग सुटला की पद्मजा तिच्याजवळ जाऊन बसायची.

“त्या खिडकीजवळच्या काकांची बायको बघ,” वहिनी एकदा म्हणाली. “चार तास बाहेर बाकावर बसून असते. तो माणूस टिकणार. आणि ही माझ्या शेजारची सुनंदा, हिला रिक्षावाला सोडून जातो. मागच्या महिन्यात दोनदा आलीच नाही. सोडायलाच कुणी नव्हतं म्हणे.”

पद्मजा त्या बाकाकडे बघत राहिली. मग वर जाऊन तिनं रुग्णालयाच्या संगणकात वर्षानुवर्षं पडून असलेली माहिती मागवली. भेटीचे पास कुणाच्या नावानं निघाले, औषधं न्यायला कोण आलं, फोन कितव्या घंटेला उचलला गेला, नातेवाइकाचा नंबर कितीदा बदलला, किडनी द्यायची म्हणून घरातल्या किती जणांनी रक्त तपासून घेतलं. कुणाच्याही उपयोगाची नव्हती अशी ही माहिती. यंत्राला ती दिली, आणि दहापैकी आठ वेळा त्याचा अंदाज खरा यायला लागला.

किडनी टिकेल की नाही हे शरीरावर कमी आणि घरावर जास्त अवलंबून होतं. यंत्रानं घर वाचायला शिकून घेतलं होतं.

मुजावर मॅडमनी त्याला ‘सोबत’ नाव दिलं. तीन वर्षांनीही या रोग्याजवळ कुणी उभं असेल याची शक्यता ते शंभरापैकी सांगायचं. हा सोबतांक. साठच्या खाली सोबतांक असेल तर किडनी पुढच्या रोग्याला द्यायची, असं समितीनं ठरवलं. वर्षभरात वाया जाणाऱ्या किडन्या निम्म्यावर आल्या. आणखी तीन रुग्णालयांनी ‘सोबत’ घेतलं. जयसिंगपुरात पद्मजाच्या फोटोचा फलक लागला. सन्मतीदादाचं बॅटरीच्या गाड्या दुरुस्त करायचं दुकान होतं. त्यानं दुकानासमोर पेढे वाटले. आईनं जैन बसदीत जाऊन अभिषेक केला.

“माझी नणंद म्हणून सांगत असते सगळ्यांना तिथं,” वहिनी म्हणाली. “नर्स आता सुई जरा हळू टोचते.”

वहिनीला घरातल्या कुणाची किडनी मिळण्यासारखी नव्हती. तिचे वडील नव्हते, आईला मधुमेह. पद्मजा स्वतःहून तपासायला गेली, तर तिचंच एक मूत्रपिंड जन्मापासून आक्रसलेलं निघालं. सन्मतीदादा तपासायला जाणार होता. दुकानाचं काम होतं, मग पावसाळा आला, मग आई म्हणाली, “एकुलता एक आहे तो माझा. त्याला काही झालं म्हणजे?” पुढं तो विषय निघाला नाही. वहिनीनंही काढला नाही. तिचं नाव प्रतीक्षायादीत लागलं आणि हळूहळू वर सरकत पहिल्या क्रमांकावर आलं.

मार्चमध्ये पेठनाक्याजवळच्या अपघातातल्या एका तरुणाचा मेंदू मृत झाला. आईवडिलांनी अवयव द्यायला होकार दिला. त्याची एक किडनी वारणाईच्या वाट्याला आली. रक्तगट वहिनीचाच होता.

पद्मजा त्या दुपारी विभागातच होती. वहिनीचा सोबतांक पडद्यावर आला. एकतीस.

तिच्यानंतर इचलकरंजीच्या एका गृहस्थांचं नाव होतं. त्यांचा सोबतांक चौऱ्याऐंशी होता.

पद्मजानं यंत्राला कारणं मागितली. ती एकामागून एक आली. पतीनं तपासणी केलेली नाही. अलीकडचे भेटीचे पास बहुतेक नणंदेच्या नावे. पतीचा फोन सहसा उचलला जात नाही. अपत्य नाही. तिनं मग सगळ्या बायकांचे आकडे काढले आणि सगळ्या पुरुषांचे काढले. रोगी पुरुष आहे की बाई, हे तिनं यंत्राला कधी सांगितलंच नव्हतं. पण त्याला ते कळलं होतं. बाईच्या किडनीसाठी घरातल्यांनी रक्त तपासलेलं नसतं, बाईच्या गोळ्या न्यायला कुणी येत नाही, बाई एकटी रिक्षानं येते. सारखाच आजार, सारखंच वय, तरी बायकांचे आकडे पुरुषांच्या निम्मेही नव्हते.

ती मुजावर मॅडमच्या खोलीत गेली.

“मॅडम, ‘सोबत’ बायकांना किडनी देत नाहीये.”

मॅडमनी तिनं आणलेली आकडेवारी शांतपणे पाहिली. “आकडे चुकलेत का?”

“नाहीत.”

“म्हणजे या बायकांना किडनी दिली तर त्या खरंच टिकणार नाहीत?”

“घरचे टिकू देणार नाहीत. पण हा घरच्यांचा गुन्हा आहे. त्याची शिक्षा आपण बाईला देतोय. घरात एकदा अन्याय झाला, तो मोजून आपण तिच्यावर पुन्हा करतोय.”

“बस,” मॅडम म्हणाल्या. त्यांनी चष्मा काढला. “विट्याच्या एका मुलीला मी किडनी बसवली होती. बावीस वर्षांची. नवऱ्यानं पुढं गोळ्या आणायचं बंद केलं आणि दुसरं लग्न केलं. ती परत आली तेव्हा किडनी दगड झाली होती. तिच्यामागं ज्याचं नाव होतं, तो मुलगा त्याआधीच गेला होता. दोघांच्याही आयांना मला तोंड द्यावं लागलं. तूच सांग, पद्मजा. आज इचलकरंजीच्या त्या माणसाच्या बायकोला मी काय सांगू? तुमचा नवरा जगला असता, पण न्याय म्हणून आम्ही किडनी दुसरीकडं दिली?”

पद्मजा आपल्या जागेवर परत आली. जे सुचलं ते तिनं केलं. सांभाळणारी व्यक्ती म्हणून वहिनीच्या नावापुढं तिनं स्वतःचं नाव घातलं आणि सोबतांक पुन्हा काढायला लावला.

अडतीस आला.

चोवीस वर्षांची अविवाहित नणंद, शिक्षण संपत आलेलं. अशा मुली नोकरीला जातात, लग्न होऊन जातात. यंत्रानं अशा पुष्कळ पाहिल्या होत्या. पद्मजा शपथ घ्यायला तयार होती, पण शपथ कुठं घालायची याला ‘सोबत’मध्ये जागा नव्हती. ते यंत्र तिनंच बनवलं होतं.

संध्याकाळी किडनी इचलकरंजीच्या गृहस्थांना गेली.

यंत्रानं माणसाबद्दल काही ठरवलं तर ते त्याला आणि त्याच्या घरच्यांना समजावून सांगायचं, असा कायदा तोवर झाला होता. त्यामुळं आठवड्याभरानं वहिनी, सन्मतीदादा, आई आणि पद्मजा समुपदेशनाच्या छोट्या खोलीत बसले. मॅडमनी स्वतः सगळं सांगितलं. कुणाला दोष दिला नाही. आकडा सांगितला.

दादाचा चेहरा लाल झाला. “म्हणजे मी हिला टाकून देणार, असं म्हणणं आहे तुमचं? इतके दिवस कोण करतंय हिचं?”

“यंत्र तसं म्हणत नाही, मगदूम. ते शक्यता सांगतं.”

“एकतीस म्हणजे नापासच की,” वहिनी हळूच म्हणाली. “शाळेत पस्तीसला तरी पास करायचे.”

दादा भांडणार, उठून जाणार, उद्याच रक्त तपासून या यंत्राचं तोंड बंद करणार, असं पद्मजाला वाटलं. ती त्याच्याकडेच बघत होती. दादानं एकदा वहिनीकडं पाहिलं, मग टेबलाकडं. त्याचा राग ओसरला, आणि त्याच्या जागी तिला जे दिसलं ते तिनं आधी कधी पाहिलं नव्हतं. फार दिवस उचललेलं ओझं कुणीतरी ‘ठेव आता खाली’ म्हटल्यावर माणसाचे खांदे उतरतात, तसे त्याचे खांदे उतरले.

पुढं सगळं हळूहळू झालं. दादा आधी बुधवारी यायचा तो येईना. मग फोन उचलेना. पद्मजा बोलायला गेली की म्हणायचा, “अगं, तुझं मशीनच सांगतंय की. माझ्या हातात काय आहे?” आई दारातल्या बायकांजवळ बोलायला लागली, “डॉक्टरांनीच सांगितलंय, काही खरं नाही म्हणून. पोरगं अजून तरणं आहे माझं. पुढचं बघायला नको?” एक दिवस तिनं वहिनीला सरळच विचारलं, “थोडे दिवस माहेरी जाऊन राहतीस का?”

वहिनीनं बॅग भरली. पद्मजानं ती तिच्या हातातून घेतली आणि तिला घेऊन सांगलीत विश्रामबागेला एक खोली भाड्यानं घेतली.

त्याच सुमारास तिचा निकाल लागला. ‘सोबत’ हैदराबादच्या एका कंपनीनं घ्यायचं ठरवलं होतं. हृदयाच्या शस्त्रक्रिया, कर्करोगाची महागडी औषधं, सगळीकडं त्यांना ते लावायचं होतं. त्यासाठी त्यांना पद्मजा हवी होती. तिनं नाही म्हणून कळवलं आणि मॅडमच्या विभागात साध्या साहाय्यकाची जागा घेतली.

खोलीतले ते महिने चांगले गेले, हे दोघींना पुढं आठवून नवल वाटलं असतं. सकाळी पद्मजा भात-आमटी करायची, मीठ जवळजवळ नाहीच. वहिनी नाक मुरडून जेवायची. डायलिसिसच्या दिवशी पद्मजा त्या बाहेरच्या बाकावर लॅपटॉप घेऊन बसायची. पास तिच्या नावानं निघायचा, औषधं ती आणायची, फोन पहिल्या घंटेला उचलायची. ‘सोबत’ हे सगळं टिपत होतं. सोबतांक चव्वेचाळीस झाला. पावसाळा संपता संपता बावन्न झाला.

“अजून आठ मार्क,” पद्मजा म्हणाली.

“दिवाळीपर्यंत फर्स्ट क्लास काढते बघ तुझी वहिनी.” वहिनी हसली. मग म्हणाली, “पद्मा, आणि साठ झाले म्हणजे? त्यापुढं तुला सुटका नाही ना? किडनी मिळाली तरी आयुष्यभर गोळ्या. आयुष्यभर तूच.”

“असू दे की.”

“तुला कुणी बघायला आलं तर काय सांगणार? मुलीबरोबर तिची वहिनी पण येईल म्हणून?”

“वहिनी, गप्प बस आणि जेव.”

ऑक्टोबरमध्ये हैदराबादहून पुन्हा फोन आला. पद्मजा गॅलरीत उभी राहून बोलत होती. त्यांनी पगार वाढवला होता. ती म्हणाली, “घरी आजारी माणूस आहे. शक्य नाही. नाही, पुढच्या वर्षी पण सांगता येणार नाही.” ती आत आली तेव्हा वहिनी भिंतीकडं तोंड करून झोपली होती. निदान तसं दिसत होतं.

दोन दिवसांनी वहिनी म्हणाली, “आईला बरं नाही. चार दिवस अथणीला जाऊन येते.”

“डायलिसिस?”

“तिथं सरकारी दवाखान्यात मशीन आहे की. चुलतभाऊ नेईल. मी काय लहान आहे?”

पद्मजानं तिला मिरजेहून बसमध्ये बसवलं. खिडकीतून वहिनीनं हात बाहेर काढून तिचा गाल ओढला, लहान पोरीचा ओढावा तसा. रोज संध्याकाळी फोनवर वहिनी सांगायची, “झालं डायलिसिस. जेवले. बरी आहे.” तिचा आवाज जरा जड वाटायचा. सर्दी झालीय, म्हणायची.

चार दिवसांचे आठ दिवस झाले तेव्हा पद्मजानं अथणीच्या दवाखान्यात फोन लावला. त्रिशला मगदूम नावाचं कुणी तिथं आलेलंच नव्हतं.

ती गाडी करून तशीच निघाली. वहिनी अंगणात बाजेवर पडली होती. चेहरा सुजला होता, श्वास घरघरत होता. तिची आई बाजूला बसून रडत होती. “मला म्हणाली, डॉक्टरांनीच सुट्टी दिलीय. आता गरज नाही म्हणाली.”

“वहिनी, हे काय केलंस गं?”

वहिनीनं डोळे उघडले. बोलायला तिला कष्ट पडत होते. “रागावू नको,” ती म्हणाली. “मी कंटाळले म्हणून नाही. तू... तू जा आता.”

गाडीत घालून मिरजेकडं आणताना, म्हैसाळच्या अलीकडं, ती गेली.

अंत्यविधीला दादा आला. अग्नी त्यानंच दिला. आई बायकांत बसून रडली, आणि ते रडणं खोटं नव्हतं.

विभागात परत गेल्यावर पद्मजानं वहिनीची नोंद उघडली. ती आपोआप पूर्ण झालेली होती. रोग्यानं उपचार सोडले. रोगी मृत. मूळ सोबतांक एकतीस. अंदाज बरोबर. वहिनी का गेली, कुणासाठी गेली, हे लिहायला तिथं रकाना नव्हता. ‘सोबत’च्या दृष्टीनं साथ नसलेली एक बाई तीन वर्षं टिकणार नव्हती, आणि ती टिकली नाही. उद्या अशीच दुसरी कुणी आली की तिचा आकडा आणखी थोडा खाली जाणार होता.

तिनं ती नोंद मुजावर मॅडमना दाखवली. मॅडमनी ती दोनदा वाचली. शेवटी म्हणाल्या, “समितीपुढं बोलशील?”

“बोलेन. ऐकतील का?”

“माहीत नाही,” मॅडम म्हणाल्या. “मी ऐकलं नव्हतं.”

दिवाळी झाल्यावर एका रविवारी सन्मतीदादा विश्रामबागेच्या खोलीवर आला. वहिनीच्या साड्या न्यायला आलोय, म्हणाला. पद्मजानं त्या घडी करून पिशवीत भरून ठेवल्या होत्या. तो पिशवी घेऊन उभाच राहिला. त्याची दाढी वाढली होती आणि शर्टाला दुकानातलं ग्रीस लागलं होतं.

“चहा घेतोस?”

“नको.” तो जमिनीकडं बघत होता. “पद्मा, एक विचारू? खरं सांग. तुझं मशीन चुकत नाही ना?”

“का?”

“म्हणजे... मी तपासणी केली असती, येत राहिलो असतो, तरी शेवटी मी सोडलंच असतं. हो ना? ते आधीच ठरलेलं होतं. मशीनला कळलं होतं.”

त्याला काय हवंय ते पद्मजाला कळत होतं. एक ‘हो’ म्हटलं असतं तर तो पिशवी उचलून शांत मनानं घरी गेला असता. आईनं बघून ठेवलेल्या मुलीला होकार दिला असता. तो तिचा भाऊ होता. लहानपणी सायकलवर पुढं बसवून त्यानं तिला शाळेत सोडलं होतं.

“दादा, मशीन तुला ओळखत नव्हतं,” ती म्हणाली. “तुझ्यासारख्या पुष्कळांना ओळखत होतं. एकतीस म्हणजे काय, माहितेय? तुझ्यासारखे शंभर नवरे घेतले, तर त्यांतले एकतीस सोडत नाहीत. शेवटपर्यंत थांबतात.”

सन्मतीदादानं मान वर केली. तो तिच्याकडं असा बघत राहिला की जणू ती परक्या भाषेत बोलली होती आणि तिचा अर्थ त्याला आत्ता एकेका शब्दानं लागत होता.

“थांबतात?”

“थांबतात.”

“मग मला हे तेव्हा कुणी सांगितलं का नाही?”

त्या छोट्या खोलीत ती त्याच्या शेजारच्याच खुर्चीवर बसली होती. आकडा तिचा होता. त्याचा अर्थ तिच्याइतका तिथं कुणालाच माहीत नव्हता.

दादा वहिनीच्या साड्या पोटाशी धरून खाली बसला, आणि पद्मजाही त्याच्या शेजारी खाली बसली.